सतरा नंबरची बाटली

आमच्या घरात मी काय काम करते हे मोठ्यानं सांगायची पद्धत नाही. वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते पाहुण्यांना सांगतात, "ती केळीवर असते." ऐकणाऱ्याला वाटतं मला कसलं तरी व्रत आहे. आईचं त्याच्या वरताण. ती सांगते, "बाटल्यांच्या कंपनीत आहे," आणि औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्या बाटल्या म्हणायच्या, ते समोरचा आपापल्या सवयीप्रमाणं समजून घेतो.

तर खरं काय ते मीच लिहून टाकते. मी भांगेच्या झाडांवर काम करते. ज्या झाडाचा गांजा होतो त्याच झाडावर. आमची प्रयोगशाळा चितेगावला, पैठण रस्त्यावर. तिथं पहिली नऊ-दहा वर्षं मी खरोखरच केळीवर होते. केळीच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, काचेच्या बाटलीत साखर नि क्षार घातलेल्या जेलीवर ठेवायचा, आणि एका तुकड्याची शेकडो रोपं करायची. अण्णांनी तेव्हा एकदा माझं काम समजून घेतलं आणि तो विषय कायमचा फाईलबंद केला. पुढं कंपनीला वाखाच्या भांगेवर संशोधन करायचा सरकारी परवाना मिळाला आणि मला त्या कामावर घेतलं. याला सहा वर्षं झाली, पण अण्णांची केळी काही जागची हलली नाहीत.

वाखाची भांग म्हणजे काय, हे मी इतक्यांदा समजावलंय की झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. एकाच आईची दोन लेकरं असतात, एक नोकरीला लागतं आणि एक पारावर पडून राहतं, तसं आहे ते. झाडाची जात एकच. एका वाणात नशेचं द्रव्य भरपूर, दुसऱ्यात नावापुरतं. या दुसऱ्याच्या सालीचा वाख निघतो, त्याचं कापड होतं, दोर होतात, बियांचं तेल निघतं. नशेचं द्रव्य नावापुरतंच राहावं, वाख लांब निघावा आणि झाड आपल्याकडच्या उन्हात तगावं, असा वाण बाटलीत घडवायचा, हे माझं काम. हे सगळं मी एकदा आईला मेथी निवडता निवडता पाऊण तास सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोर वळायला अंबाडी काय मेली होती का?"

आईच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. रोप एवढंसं असतानाच पानाचा तुकडा तपासला की कळतं, आणि आम्हाला नको असलेले नर आम्ही उपटून टाकतो. मी एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. आईला हे नरांचं कळलं त्या दिवशी ती तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "नर दिसला की उपटून टाकते म्हणे. मग कुठून जमणार हिचं?" वर मला ऐकू जावं म्हणून स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं होतं.

बाकीच्यांचंही फार वेगळं नव्हतं. एक चुलत भाऊ दर शिवरात्रीला फोन करून "ताई, थंडाईपुरतं?" एवढंच विचारायचा आणि मी शिव्या दिल्या की समाधानानं फोन ठेवायचा. कंपनीची बस चुकली की मी रिक्षानं महानुभाव आश्रमाच्या चौकापर्यंत जाते. तिथला एक रिक्षावाला मला पाहिलं की पुढच्या रिक्षावाल्याला ओरडून सांगतो, "मॅडम को चितेगाव छोड रे, वो गांजेवाली कंपनी!" सगळा चौक माझ्याकडं वळून बघतो. मी पदर सावरून बसते, अगदी माल पोचवायला निघाल्यासारखी.

अण्णांच्या बाबतीत मात्र ही थट्टा नव्हती. अण्णा आबकारी कचेरीत कारकून होते. पकडलेल्या गांजाचे पंचनामे लिहायचे, मुद्देमालाची नोंद ठेवायची, आणि कोर्टाचा हुकूम आला की तो माल पंचांच्या देखत जाळताना हजर राहायचं, यात त्यांची चौतीस वर्षं गेली. कचेरीची टाचणी बोटात रुतली तर ती उपसून परत कचेरीतच ठेवतील, असा माणूस. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी होती. आजोबांनी सोवळं जसं सांभाळलं तसं अण्णांनी ते गोदाम सांभाळलं. आणि त्यांची मुलगी तेच झाड पगार घेऊन वाढवायला निघाली होती.

मी नव्या कामाचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "हुकूम आहे का?"

मी परवान्याची झेरॉक्स आणून दिली. ती त्यांनी दोन दिवस भिंग लावून वाचली. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली, आणि कागद रेशनकार्डाच्या फाईलमध्ये ठेवून दिला. त्यानंतर वर्षभर त्या विषयावर ते अवाक्षर बोलले नाहीत. आई मला म्हणाली, "रागावले नायत गं. फक्त कुठल्या फाईलला लावावं ते कळंना त्यांना."

भांगेचं झाड बाटलीत भारी नखरे करतं. केळ म्हणजे गरीब गाय, जे घालाल ते खाते नि वाढते. भांगेचा तुकडा जेलीवर ठेवला की काळा पडतो, नाहीतर त्याची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन मरतात, नाहीतर सगळं नीट होतं आणि मुळंच फुटत नाहीत. आम्ही एकामागून एक खेपा केल्या. सोळा खेपांतून हाती धड काही लागलं नाही. सतराव्या खेपेतला एक तुकडा जगला. त्याला मुळं फुटली, त्याचे पुढं तुकडे झाले, तेही जगले. शेडमध्ये लावलेली त्याची रोपं एप्रिलच्या उन्हात माना न टाकता उभी राहिली. आमच्या शेडवर चितेगावची एक मावशी आहे, वीसेक वर्षं रोपं हाताळतेय. तिनं त्या रोपाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ताई, ही लेक नांदंल बघा." आम्ही त्या वाणाला सतरा नंबर म्हणायला लागलो. नशेची तपासणी दर टप्प्याला व्हायची आणि सतरा नंबर दर वेळी पास. मला रात्री झोप लागायला लागली. सहा वर्षांची माझी सगळी कमाई म्हणजे तो सतरा नंबर होता, दुसरं दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

अण्णांनी तो पहिल्यांदा पाहिला खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांना बोलावतात. आई झेंडूची हातभर माळ घेऊन आली, थेट बाटल्यांच्या खोलीला घालायला. मी दारातच अडवली. म्हटलं, आत फूल चालत नाही, फुलाबरोबर बुरशीचे कण येतात, आत सगळं निर्जंतुक असतं, आम्हीसुद्धा कपडे बदलून जातो. आईनं माळ बाहेरच्या ऑटोक्लेव्हला घातली. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ, बाटल्या-बिटल्या उकडून निर्जंतुक करायचं यंत्र. अण्णांना हे सोवळं एकदम पटलं. कपडे बदलून, हात धुऊन ते आत आले. मांडणीवर ओळीनं बाटल्या, प्रत्येकीत बोटाएवढं हिरवं रोप. मी एक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडं धरली नि बराच वेळ बघत राहिले.

"हे आमच्या गोदामात पोत्यानं यायचं," ते म्हणाले. "पण जिवंत कधी पाह्यलं नव्हतं."

तेव्हापासून संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच खुर्चीतून प्रश्न यायचा, "सतराची तब्येत?" मी सांगायची, मुळं चांगलीयत, दोन पानं पिवळी पडली, आज कुंडीत लावलं. ते मान डोलवायचे. आई म्हणायची, "माझं गुडघ्याचं कधी विचारलं नाय एवढ्या मायेनं." पाहुण्यांसमोर मात्र मी केळीवरच होते.

मे महिन्यात शेडमधल्या झाडांना फुलोरा आला आणि फुलांचा नमुना तपासायला गेला. अहवाल आला. नशेचं द्रव्य मर्यादेच्या वर. फार नाही, किंचित. उन्हानं वाढलं म्हणा, झाडाच्या स्वभावातच होतं म्हणा, मला आजही नक्की सांगता येत नाही. पण परवान्यातली अट साफ होती. वाण मर्यादेबाहेर गेला की त्याचं सगळं नष्ट करायचं. झाडं, कलमं, बाटल्या, सगळं, अधिकाऱ्याच्या आणि पंचांच्या देखत. एक तुकडा मागं राहिला तर परवाना गेलाच, आणि गुन्हा वेगळा.

मी बाटल्यांच्या खोलीत दार लावून रडले. मग कपडे बदलून घरी आले आणि अण्णांना सांगितलं. वाटलं होतं, काहीतरी बोलतील. त्यांनी फाईल काढली, झेरॉक्स काढली, बोट ठेवून अट वाचली आणि म्हणाले, "लिहिलंय तसं करायचं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुम्हाला काय हो अण्णा! तुम्ही जन्मभर जाळतच आलात. तुम्हाला काय कळणार त्यात काय जातं ते?"

आईनं तिकडं भाजीतला झारा थांबवला. अण्णांनी कागदाची घडी पहिल्यासारखी घातली नि फाईल बांधली. मी न जेवता झोपले. बोलल्याचं मला वाईट वाटलं होतं, पण ते सांगायला उठले नाही.

जाळायच्या दिवशी सकाळी ते धोतर-टोपी घालून, हातात कापडी पिशवी घेऊन माझ्याआधी तयार. मी म्हटलं, रक्ताच्या नात्याचा पंच चालत नाही. "मला शिकवतेस होय," ते म्हणाले, "मी फक्त बसणार." कंपनीनं काही हरकत घेतली नाही. आबकारीतून आलेला अधिकारी तरुण होता. अण्णांचं नाव कळल्यावर तो उठून उभाच राहिला, म्हणाला, "साहेब, तुमच्या हातचे पंचनामे आम्ही नमुना म्हणून वाचलेत." झालं. बसायला आलेले अण्णा दहा मिनिटांत मजकूर सांगायला लागले आणि तो बिचारा लिहायला.

शेडमधली झाडं मावशीनं आणि बायकांनी उपटून खड्ड्यात टाकली. मावशी प्रत्येक झाड उपटताना काहीतरी पुटपुटत होती. मग बाटल्या. आतून ट्रेमध्ये भरून व्हरांड्यात आणल्या, तिथं मोजायच्या आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये उकडून खड्ड्यात. नोंदवहीत एकशे चाळीस होत्या. मोजल्या तर एकशे एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. मी आतल्या मांडण्या पाहून आले. अधिकारी घाम पुसायला लागला.

"बुरशी लागलेल्या टाकून देता ना तुम्ही मधूनमधून?" अण्णांनी मला विचारलं.

"टाकतो. पण नोंद करतो."

"एखादी राहिली असंल नोंदायची. लिही वहीत, बुरशीमुळं बाद, एक. सही कर."

मी लिहिलं, सही केली. माझं चित्त थाऱ्यावर असतं तर मला त्याच वेळी कळायला हवं होतं. ज्या माणसानं माझ्या शाळेच्या रजेच्या अर्जात कधी ताप नसताना ताप लिहिला नाही, तो मला नोंद अंदाजानं करायला सांगत होता! पण माझं लक्ष खड्ड्याकडं होतं. ओल्या झाडांचा पांढरा धूर निघाला आणि वाऱ्यानं पैठणच्या बाजूला गेला. संध्याकाळी निघताना फाटकावर वॉचमननं सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. अगदी माझीसुद्धा. अण्णांना मात्र त्यानं हात जोडले. शेडला कॅमेरा आहे, फाटकाला कॅमेरा आहे, पण सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या पिशवीत कोण डोकावतं?

पुढचे आठ दिवस मी घरात दगडासारखी होते. "सतराची तब्येत?" हा प्रश्न थांबला होता. अण्णा पूजेला मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ लावायला लागले. आई म्हणाली, "म्हातारपणी भक्ती वाढली." नवव्या दिवशी रविवार होता, नळाला पाणी येणार होतं म्हणून आई ड्रम धूत होती. तिथूनच मला म्हणाली, "देवघरात एवढं बघ गं. ह्यांनी बाळकृष्णाच्या मागं तुझी ती बाटली ठेवलीय. तिला काय कापूस आल्यासारखा दिसतोय."

"कुठली बाटली?"

"मला काय माहीत. प्रयोग असंल म्हणून मी हात लावला नाय."

मी देवघरापुढं बसले. बाळकृष्णाच्या मागं, गंगेच्या गडव्याला टेकवून, बाटली उभी होती. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात सतरा. झाकणावर कुंकवाचं बोट. आत जेलीवर पांढरी बुरशी पसरलेली, तिच्यात एक तुळशीचं पान रुतलेलं, आणि मधोमध ते रोप. खालची पानं बुरशीनं गिळली होती. वर, बोटाच्या पेराएवढा शेंडा अजून हिरवागार होता.

अण्णा मागं येऊन उभे होते. मी वळले तर चोरी पकडलेल्या पोरासारखं तोंड झालेलं. चोरी आयुष्यात पहिल्यांदाच केलेली, त्यामुळं पुढं काय करायचं असतं तेही ठाऊक नव्हतं.

"झाकण उघडलंत?" मी विचारलं.

"रोज. थोडंसं. हवा नको का त्याला?"

"आणि आत काय घातलंत?"

"गंगा. अर्धी पळी. आणि तीर्थातलं तुळशीचं पान." मग जरा जोर करून म्हणाले, "गंगेचं पाणी कधी नासत नाय. तुमच्या त्या नळाच्या पाण्यासारखं आहे होय ते? त्यानं कशी बुरशी येईल?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमच्या खोलीत माणूस शिंकला तरी आम्ही बाटली बाद करतो. इथं त्या बाटलीला आठ दिवस रोज पळीनं पाणी, तुळस, कुंकू, उदबत्तीचा धूर. एवढं सगळं सोसून तो शेंडा हिरवा होता. मावशी म्हणाली होती ते काही खोटं नव्हतं. आणि मी वहीत लिहिलेलंही एव्हाना खरं झालं होतं, बुरशीमुळं बाद, एक.

"का नेलीत अण्णा?"

ते पाटावर बसले. "चौतीस वर्षं लोकांचा माल जळताना पाह्यला," ते म्हणाले. "कधी काय वाटलं नाय. त्या दिवशी मावशी झाडं उपटत होती तेव्हा तू खांबाला धरून उभी होतीस. तू म्हणालीस ते खरं होतं, मला कळत नव्हतं काय जातं ते. त्या दिवशी कळलं." मग खालच्या आवाजात, "वाचंल का?"

खरं तर मी नाही म्हणू शकले असते. बुरशी लागली, संपलं, म्हणून बाटली उचलून नेली असती, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण मग आपल्या गंगेच्या पाण्यानं लेकीचं झाड मारलं, हे मनात घेऊन हा माणूस राहिला असता. आणि दुसरं म्हणजे, झाड वाचणार होतं. शेंडा कापायचा, औषधाच्या पाण्यात धुवायचा, नव्या बाटलीत ठेवायचा. हे मी हजारदा केलंय. कुणाला कळलंही नसतं. नव्या खेपेचा नंबर टाकला असता की संपलं. मी तो शेंडा बघत बसले, आणि लिहिताना कबूल करते, चांगली पाच मिनिटं मी मनातल्या मनात तो कापून, धुऊन, लावूनसुद्धा झाले होते.

"वाचंल," मी म्हटलं. "शेंडा चांगला आहे. पण वाचवला तर तो कायम चोरीचा राहील अण्णा. उद्या तो शेतात गेला, त्याचं कापड झालं, तरी मला माहीत असंल आणि तुम्हाला माहीत असंल."

अण्णांनी झाकणावरचं कुंकू बोटानं पुसलं. मग म्हणाले, "उद्या मी येतो सोबत. त्या पोराला बोलवून घे."

"तुम्ही कशाला? मी सांगते, माझ्याकडून राहिली म्हणून."

"खोटं एकदा सांगितलं तेवढं पुरे आहे. मला जमत नाय ते, बघितलंस ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चितेगावला गेलो. बाटली त्यांनी मांडीवर धरली होती, वरून उपरणं झाकलं होतं. तरुण अधिकारी आला, त्यानं सगळं ऐकलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, "साहेब, राहू द्या ना. उकडून टाका ती, मी काही पाहिलं नाही."

"तुम्ही पाह्यलंय," अण्णा म्हणाले. "कागद घ्या. पुरवणी पंचनामा."

मावशी आणि वॉचमन पंच झाले. वॉचमनला घाम फुटला होता, कारण हात त्यानंच जोडले होते. अधिकाऱ्यानं लिहिलं, एक बाटली अनवधानानं बाहेर गेली. अण्णांनी ते वाचलं नि कागद परत सरकवला. "अनवधान कुठलं? चांगलं ध्यान देऊन नेलीय. माझं नाव लिहा, हुद्दा लिहा, निवृत्त म्हणून लिहा. आणि नोंदवहीतली खोटी नोंद माझ्या सांगण्यावरून झाली, तेही लिहा." तो लिहीना. अण्णा लिहा म्हणायचे, तो नाही म्हणायचा, असं अर्धा तास चाललं. शेवटी अण्णांनी पेन घेतलं आणि आपल्या त्या नमुन्याच्या अक्षरात स्वतःच लिहून काढलं. खाली सही केली.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. कंपनीला समज मिळाली, परवाना राहिला. माझी वर्षभराची पगारवाढ गेली. अण्णांना एकदा जबाबाला बोलावलं, त्यांनी जे लिहिलं होतं तेच सांगितलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी बाटली मीच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. झाकण लावताना तो शेंडा एकदा दिसला, मी चाक फिरवून घट्ट केलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. वाफ धरायला वेळ लागतो. काटा चढत गेला, थांबला, मग उतरला. अण्णा सगळा वेळ काट्याकडं बघत होते. मी दार उघडलं. बाटलीत तपकिरी पाणी होतं.

आम्ही चालत फाटकाबाहेर आलो. उन्हं चढली होती. पैठणकडून येणाऱ्या एसटीची वेळ झाली होती. अण्णा थांब्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "आता पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"किती वर्षं?"

"पाच. सहा म्हणा. जमलं तर."

त्यांनी बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजलं. काय मोजलं ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारायची गरज नव्हती, सत्त्याहत्तरात सहा मी आधीच मिळवले होते.

"मग तू कुठं निघालीस माझ्याबरोबर?" ते एकदम चिडून म्हणाले. "मला घर सापडत नाय का? जा आत, बाटल्या भर. उगं दिवस घालवू नको."

मी आत गेले, कपडे बदलले, हात धुतले, आणि पहिली बाटली भरायला घेतली.